गणिताच्या तासाला कात्री आणि फक्की

प्रश्न : मी नववीला बीजगणित शिकवतो. विस्तारसूत्रं मुलं घडाघडा म्हणतात, पण पेपरात (अ + ब)² चं उत्तर अ² + ब² असं लिहितात. तक्ता लावून झाला, दहादा लिहून घेऊन झालं. एखादी कृती सुचवाल का?
– एक शिक्षक, जि. धुळे

उत्तर : सर, सूत्रातलं ते २अब मुलांनी फक्त ऐकलेलं असतं, हातात कधी घेतलेलं नसतं. म्हणून ते गळतं. लग्नसराईनंतर घरोघरी जाड पत्रिका पडून असतात, त्या आणायला सांगा. कात्री मात्र लगेच काढू नका. आधी फळ्यावर (३ + ४)² लिहा. कुणी ४९ म्हणेल, कुणी २५. मधले २४ कुठे गेले, यावर मुलांना थोडं भांडू द्या. मग प्रत्येक जोडीने एक चौरस कापायचा, त्याच्या प्रत्येक बाजूवर अ आणि ब असे दोन भाग पाडायचे आणि त्या रेषांवरून चार तुकडे करायचे. दोन चौरस उचलून बाजूला ठेवायला सांगा. बाकावर जे दोन आयत उरतात, तेच पेपरात राहून गेलेलं २अब. हे तुम्ही सांगायचं नाही, कुणीतरी मूलच ओरडून सांगतं. ते सांगेपर्यंत थांबा.

तुकडे तुम्ही रात्री जागून कापून आणू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कापताना मूल मोजतं, चुकतं, पुन्हा आखतं. शिकणं तिथेच होतं.

याच पत्रिकांमधून अवयव पाडण्याचा संचही तयार होतो : क्ष बाजूचा मोठा चौरस, क्ष लांबीच्या आणि १ रुंदीच्या पट्ट्या, आणि १ बाजूचे छोटे चौरस. इथे एक काळजी घ्या. छोटा चौरस २ सेंमीचा असेल तर क्ष ८ किंवा १० सेंमी ठेवू नका, ७.३ सेंमी असं काहीतरी ठेवा. नाहीतर मुलं छोटे चौरस लावून मोजतात आणि क्ष म्हणजे ४ असं ठरवून मोकळी होतात. मग क्ष² + ७क्ष + १२ साठी एक मोठा चौरस, सात पट्ट्या, बारा छोटे चौरस द्या आणि सगळ्यांचा मिळून एकच आयत करायला सांगा. बाजू मिळतात क्ष + ३ आणि क्ष + ४. पुढे क्ष² + ७क्ष + १० द्या. आणि नंतर काही न बोलता क्ष² + ७क्ष + ११ द्या. आयत होत नाही! पट्ट्या तीन-चार लावल्या की एक चौरस कमी पडतो, दोन-पाच लावल्या की एक उरतो. 'बेरीज ७ आणि गुणाकार ११ असणाऱ्या दोन पूर्ण संख्या नाहीत' हे वाक्य त्या धडपडीनंतर मुलं स्वतःच्या शब्दांत बोलतात. मला हा तास सगळ्यांत प्रिय आहे.

दहावीला पूर्ण वर्ग पद्धत शिकवताना हाच संच पुन्हा काढा. क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने आकृती काढूनच सोडवलं होतं. दहा पट्ट्या पाच-पाच करून चौरसाच्या दोन बाजूंना लावल्या की कोपऱ्यात २५ ची जागा रिकामी दिसते. ती भरली की ६४ चा चौरस, बाजू ८, म्हणून क्ष = ३. दुसरं मूळ, –१३, तुकड्यांतून मिळत नाही, ते चिन्हांनीच काढावं लागतं. ऋण पदं आली की मी संच पेटीत ठेवते. ओढूनताणून ते तुकड्यांत बसवलं तर मुलांचा गोंधळच वाढतो.

आणि एक नियम कधी मोडू नका. ज्या तासाला कापलं, त्याच तासाला वहीत डाव्या पानावर आकृती आणि उजव्या पानावर तेच चिन्हांत. दुसऱ्या दिवशीवर टाकलंत तर मुलांच्या लक्षात कागदकाम राहतं, बीजगणित राहत नाही.

प्रश्न : वर्गात साठ मुलं, प्रोजेक्टर नाही, बाकं हलत नाहीत. 'कृतीयुक्त' म्हणजे नुसता गलका होतो. दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी काय करावं?
– एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : ताई, मुलांना बाहेर काढा. खेळाच्या शिक्षकांकडून फक्की मागून घ्या आणि मैदानावर दोन अक्ष आखा. आरंभबिंदूवर दगड ठेवा, प्रत्येक मोठ्या पावलाला एक खूण करा. सात मुलांना क्षच्या किमती वाटा, –१ पासून ५ पर्यंत. क्ष + य = ४ मधून प्रत्येकाने आपला य काढायचा आणि तिथे जाऊन उभं राहायचं. आता सगळ्यांच्या हातात एकच दोरी द्या आणि ताणायला सांगा. ज्याचं गणित चुकलं तो रेषेबाहेर पडतो आणि आपणच सरकतो, तुम्हाला लाल पेन लागत नाही. पुढची सात मुलं क्ष – य = २ वर. (३, १) या बिंदूवर दोघांना एकाच जागी उभं राहावं लागतं, तीच उकल. मग पहिल्या गटाला जागेवर ठेवून दुसऱ्याला क्ष + य = ६ वर न्या. दोऱ्या कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत. उरलेल्यांना कडेने आलेख वही घेऊन बसवा. त्यांना बिंदू मांडायचे असतात, त्यामुळे गलक्याला वेळच मिळत नाही.

पावसाळ्यात वर्गातच दोन बिलं लिहा : ३ चहा, २ वडापाव, ६६ रुपये. ३ चहा, ४ वडापाव, १०२ रुपये. वडापाव १८ रुपयांना, हे मुलं समीकरण न मांडताच सांगतात. तीच लोपाची, म्हणजे एक चल काढून टाकण्याची, पद्धत आहे. चहा एका रंगीत खडूने, वडापाव दुसऱ्याने लिहा. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावं आहेत. मी चाळीसगाव तालुक्यात शिकवते. इथे पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद देणारा. दहावीच्या मुलांना तो दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. आमच्याकडे असं काही करून घेत नाहीत. मी आणि माझी मैत्रीण दोघीच काय करू शकतो?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अगं, दोघी म्हणजे पुष्कळ झाल्या. काडेपेटी घ्या. चार काड्यांचा एक चौरस, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा : ४, ७, १०. विसाव्या वेळी किती काड्या लागतील ते तू न मांडता सांगायचं आणि का, ते तिला पटवायचं. तुझा नियम ३न + १ निघेल. तिचा कदाचित ४ + ३(न – १) निघेल. दोन्ही एकच आहेत हे कंस सोडवून सिद्ध करा, आणि मग श्रेढीच्या (सारख्याच फरकाने वाढणाऱ्या संख्यांच्या) धड्यातल्या न-व्या पदाच्या सूत्राशी ताडून बघा. दुसऱ्या दिवशी तिने तुझ्यासाठी नवी रचना करायची, त्रिकोणांची किंवा घरांची. नियम सापडला नाही तर रचना आणि काढलेल्या संख्या मला लिहून पाठवा.