परड्यातली रोपं श्रावणात कुजली, चैत्रात वाळली

ताई, तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ घर बांधलं, पहिल्याच जूनमध्ये हौसेनं पपई, मोगरा, वांगी सगळं एकदम लावलं, त्यातलं निम्मं ऑगस्टपर्यंत कुजलं आणि राहिलेलं एप्रिलात वाळलं. पाणी जास्त झालं की कमी पडलं, असं विचारताय. दोन्ही झालं. आमच्याही परड्यात पहिली चार वर्षं हेच चाललं होतं.

कणकुंबीला, जिथं मलप्रभा नदी उगम पावते, तिथं आषाढात सूर्य दिसला तर माणसं बाहेर येऊन बघतात. पावसाचे हेच ढग अथणीपर्यंत जाईतोवर रिकामे होतात. माझी बहीण अथणीला दिलीय. ती काळ्या रानात पाणी अडवायला आळी करते, मी तांबड्या मातीत पाणी घालवायला चर मारतो. जिल्हा एकच, पण तिचा सल्ला मला चालत नाही आणि माझा तिला.

म्हणून रोपवाटिकेत जायच्या आधी कुदळ हातात घ्या. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी उताराच्या वरच्या अंगाला आडवा, हातभर खोल चर काढा आणि त्याचं तोंड ओढ्याकडं किंवा रस्त्याच्या गटारीकडं सोडा. पपई तर मातीचा उंच ढीग करूनच लावायची. तिच्या बुडात दोन दिवस पाणी साचलं तरी मुळं सडतात, वरून पानं पिवळी पडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी बॅटरी घेऊन कडुनिंबाखाली, बोरीखाली उभं राहा. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून पाला खायला येतात. फांदी हलवायची, पडलेले गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. शेजारी हसतील, हसू देत. हेच भुंगेरे जमिनीत अंडी घालतात, आणि पुढं पावसाळाभर अळ्या मुळं खातात.

भर पावसात मांडवावरचे दोडका, पडवळ, काकडी आणि खाली अळू, हळद एवढंच पुरे. तेरडा न लावताच येतो, गौरीला उपयोगी पडतो. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्याकडेला टाकायचं आणि सकाळी उचलून खाली जमलेल्या वेचायच्या. शेणखत मात्र जूनमध्ये सगळं ओतू नका, ते पावसाबरोबर शेजाऱ्याच्या भातात जातं. मी निम्मं झाकून ठेवतो.

ते बाहेर काढायचं हस्त लागल्यावर, सप्टेंबर संपता संपता. आपल्याकडची खरी बाग तेव्हा सुरू होते. मेथी, कोथिंबीर, मुळा, वांगी, टोमॅटो, कुंपणावर पावटा. तुमची वांगी जूनऐवजी तेव्हा लावली असती तर थंडीत भरली वांगी खाल्ली असती.

शेवंतीचं एक सांगतो. ओसरीसमोरच्या रांगेला एका वर्षी कळ्याच धरेनात, मागच्या अंगणातली मात्र फुलानं वाकलेली. रोपं एकच, खत एकच. शेवटी घरच्यांच्या लक्षात आलं की ओसरीचा दिवा रात्रभर जळतो. शेवंतीला रात्र मोठी झालेली कळावी लागते, तेव्हाच ती कळी धरते. दिवा बंद ठेवायला लागलो, तसं पुढच्या वर्षी ती रांगही फुलली.

मोगऱ्याचं उलट. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, डिसेंबरच्या सुमारास छाटायचा आणि मग पाणी-खत द्यायचं, मार्चपासून गजरे. आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत धुकं पडलं तर भुरी या पांढऱ्या बुरशीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पण ऊन चढायच्या आत.

एप्रिलातलं वाळणं टाळायची तयारी पौषापासूनच करावी लागते. जांभ्यावरच्या मातीत ओल टिकत नाही. फणसाचा, आंब्याचा पडलेला पाला लोक पेटवतात, तो पेटवू नका. झाडाच्या बुडात वीतभर थर द्या, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते. मग रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा घागरभर घातलेलं बरं.

रोहिणी लागायला अजून आठवडा आहे. घरामागं उतार नेमका कुठल्या बाजूला आहे ते सांगा, चर कुठून काढायचा ते सांगतो.