पऱ्हाटीच्या चुलीतली काजळी लेझर पॉइंटरने मोजता येईल का? (नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी)

येईल: काजळी लेझरचा किती उजेड अडवते, त्यावरून ती किती आहे ते कळतं. पण हे चुलीत नको. पऱ्हाटीच्या जाळात ओला धूर, उडती राख आणि काजळी एकत्र असते. या तिन्ही गोष्टी लेझरचा उजेड अडवतात, आणि जाळाची रुंदी क्षणोक्षणी बदलते. जवसाच्या तेलाचा दिवा घ्या, भोवती रिकामा तेलाचा डबा कापून आडोसा करा.

लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचाच पॉइंटर घ्या. स्वस्त हिरव्याची शक्ती तापला की हलते. आतल्या तीन बटण सेलऐवजी बाहेरून तीन पेन्सिल सेल जोडा आणि दहा मिनिटं तापू द्या. समोर बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (पडलेल्या उजेडाच्या प्रमाणात वीज वाहू देणारा भाग), उलटा जोडून, ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर; रेझिस्टरच्या दोन टोकांना व्होल्ट मोजणारा मीटर. इथे बहुतेक जण १० किलोओहम लावतात. मग मीटर ९ व्होल्टपाशी चिकटतो, ज्योत आली काय नि गेली काय, आकडा तोच!

गरम हवेत किरण वाकतो आणि डायोडवरून सरकतो. ती घट काजळीची नाही. १० सेंटिमीटर फोकसचं भिंग ज्योतीपासून २० सेंटिमीटरवर आणि डायोड त्यापुढे २० सेंटिमीटरवर ठेवा, वाकलेला किरण परत त्याच जागी येतो. ज्योतीचा स्वतःचा पिवळा उजेडही डायोडवर पडतो, म्हणून भिंगापुढे ५ मिलिमीटर भोकाचा काळा पुठ्ठा लावा आणि चार वाचनं घ्या: फक्त लेझर, दोन्ही बंद, दोन्ही चालू, फक्त ज्योत. तिसऱ्यातून चौथं वजा, पहिल्यातून दुसरं वजा, मग आधीच्या वजाबाकीला नंतरच्या वजाबाकीने भागा. उत्तर ०.९ आलं आणि ज्योत १ सेंटिमीटर रुंद असली, तर दर दहा लाख भाग आकारमानात साधारण एक भाग काजळी. काजळीचा प्रकाशीय गुणांक (ती उजेड किती अडवते याचा आकडा) वेगवेगळा धरतात, म्हणून 'साधारण'.

परीक्षक हमखास म्हणतील, 'एवढा खटाटोप कशाला, काच धरा नि काजळी तोला.' अजिबात ऐकू नका. थंड काच ज्योतच बिघडवते, आणि काजळी ज्योतीत कुठे तयार होते नि कुठे जळून जाते, हे काचेवरून कळत नाही. लेझर दोन-दोन मिलिमीटर वर सरकवत नेला की तेच दिसतं.

प्रयोगशाळेत १०६४ नॅनोमीटरच्या लेझरच्या काही नॅनोसेकंदांच्या स्पंदाने काजळी सुमारे ४००० केल्विनपर्यंत तापवून तिची चकाकी मोजतात. चकाकी किती वेगाने विझते, त्यावरून कणांचा आकारही काढतात. पण किती चकाकी म्हणजे किती काजळी, हे बहुधा याच उजेड अडवण्याच्या पद्धतीने जुळवून घेतात. तो लेझर शाळेत आणू नका. पॉइंटरही डोळ्यांच्या उंचीवर नको, आणि पलीकडे भिंत हवी, मुलांची रांग नव्हे.