चिठ्ठी निघाली, पण पिशवी कोणी भरली?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापूरचा. वडील गिरणीत कामाला होते. मध्ययुगात इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात राजा नव्हता, धंदेवाल्यांचे संघच कारभार बघायचे, असं वाचनात आलं. मग तिथल्या विणकर-पिंजाऱ्याला कधी सत्ता मिळाली का?

उत्तर : मिळाली, दादा. 1378 च्या उन्हाळ्यात, जेमतेम सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांसाठी माणसं काय काय सोसत होती, हे कळायला आधी तिथला कारभार कसा चाले ते बघू.

शहराचं सर्वोच्च मंडळ नऊ जणांचं होतं : आठ सभासद, त्यांना प्रायर म्हणत, आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून एक न्यायध्वजधारी. मुदत फक्त दोन महिने. तेवढा काळ घरदार सोडून सरकारी वाड्यातच मुक्काम, जेवणखाणही तिथंच. तो दगडी वाडा 1299 मध्ये बांधायला घेतला, आजही उभा आहे. कुठल्याही एका घराण्याने शहर गिळू नये, ही भीती या सगळ्या नियमांच्या मुळाशी होती आणि ती खोटी नव्हती. न्यायदानासाठी तर मुद्दाम परगावचा माणूस नेमत. त्याची मुदत संपली की हिशेब आणि तक्रारी तपासल्याशिवाय त्याला गाव सोडता येत नसे.

हे नऊ जण मतदानाने थेट निवडून येत नसत. 1328 पासून चिठ्ठ्या टाकायची पद्धत आली. आधी छाननी व्हायची : एकेक नाव पुकारायचं आणि छाननी समितीने गुप्तपणे दाणे टाकायचे. काळा दाणा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. दोन तृतीयांश काळे दाणे पडले तरच नावाची चिठ्ठी कातडी पिशवीत जायची. पिशव्या पेटीत आणि पेटी सांता क्रोचे चर्चमध्ये फ्रान्सिस्कन साधूंच्या ताब्यात. दर दोन महिन्यांनी चिठ्ठ्या निघत. ज्याचं नाव निघालं त्याचा कर थकला असेल, किंवा त्याच्या घरातला कोणी नुकताच त्या पदावर बसून गेला असेल, तर ते नाव बाद. थकबाकीदाराला पद नाही, हा नियम मला फार आवडतो.

मी नगरपालिकेच्या सभाशाखेत नोकरी केली. प्रभाग आरक्षणाच्या सोडती जवळून पाहिल्या आहेत. शाळेतलं मूल डब्यात हात घालतं आणि सगळं सभागृह त्या हाताकडे बघत राहतं. माझं काम त्याच्या आधीचं असायचं : कोणत्या प्रभागांच्या चिठ्ठ्या डब्यात जाणार, ती यादी तपासायची. सोडत कितीही चोख झाली तरी तिचा निकाल त्या यादीच्या बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून फ्लोरेन्सच्या बाबतीतही मी आधी पिशवीच बघते.

पिशवीत नाव जायचं तर माणूस एखाद्या संघाचा सभासद असावा लागे. संघ एकवीस. सात मोठे : वकील-नोटरी, परदेशी कापडाचे व्यापारी, सावकार, लोकर, रेशीम, वैद्य-औषधविक्रेते आणि फरवाले. उरलेले चौदा लहान, त्यात खाटीक, लोहार, चांभार, भटारी असे. पदांचा मोठा वाटा मोठ्या संघांचा. कवी दान्ते वैद्य नव्हता, तरी त्याने वैद्यांच्या संघात नाव घातलं, कारण त्याशिवाय राजकारणाचं दार उघडत नव्हतं. 1300 मध्ये तो प्रायर झाला आणि 1302 मध्ये विरोधी गटाने त्याला हद्दपार केलं.

आता तुमच्या पिंजाऱ्याकडे येऊ. शहराची श्रीमंती लोकरीवर उभी होती. चौदाव्या शतकातला बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी दोनशेच्या वर कारखाने आणि त्यांवर पोट भरणारी तीस हजार माणसं सांगतो. पण लोकर संघ म्हणजे कारखान्यांच्या मालकांचा संघ. लोकर धुणारे, पिंजणारे, विंचरणारे मजूर त्याचे सभासद नव्हते आणि त्यांना वेगळा संघ काढायलाही बंदी. उलट मालकांच्या याच संघाचा एक अधिकारी मजुरांना शिक्षा करायचा. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच दारात न्याय! 1345 मध्ये चूतो ब्रांदीनी नावाच्या मजुराने कामगारांना एकत्र करायला सुरुवात केली. त्याला रात्री घरातून उचललं. साथीदारांनी काम बंद ठेवलं, तरी त्याला फाशी झाली. दादा, गिरणीतल्या माणसाच्या मुलाला या ओळीत काय आहे ते मी सांगायला नको.

तीन वर्षांनी प्लेग आला आणि शहरातली निम्मी माणसं गेली, व्हिल्लानीही त्यात गेला. पुढची तीस वर्षं धुमसत गेली आणि 22 जुलै 1378 ला मजुरांनी सरकारी वाडा ताब्यात घेतला. त्यांना चोंपी म्हणत. मिकेले दी लांदो हा लोकर विंचरणारा न्यायध्वजधारी झाला. त्यांच्या मागण्या वाचल्या की दंगलखोरांचा जमाव ही प्रतिमा टिकत नाही : आमचा स्वतःचा संघ हवा, सरकारात आमचा वाटा हवा, लोकर संघाचा तो अधिकारी नको, लहान कर्जांसाठी दोन वर्षं कारवाई नको. तीन नवे संघ झाले, त्यातला एक चोंपींचा. छाननी नव्याने झाली. मजुरांची नावं पहिल्यांदा पिशवीत गेली.

पण मालकांनी कारखान्यांना कुलपं ठोकली. काम नाही, मजुरी नाही. मजुरांमधले काही आणखी पुढे जाऊ म्हणाले, तेव्हा मिकेलेच त्यांच्यावर उलटला. 31 ऑगस्टला वाड्यासमोरच्या चौकात चोंपींचा मोड झाला आणि त्यांचा संघ बरखास्त झाला. उरलेले दोन नवे संघ 1382 पर्यंत टिकले, मग तेही गेले. मिकेलेलाही हद्दपार केलं.

पुढे 1434 नंतर कोसिमो दे मेदिची या श्रीमंत सावकाराने यातून धडा घेतला, असं माझं मत. त्याने चिठ्ठ्यांची पद्धत मोडली नाही. पिशव्या भरणारे अधिकारी आपल्या विश्वासातले ठेवले आणि पिशवीत मोजकीच नावं टाकायला लावली. स्वतः फक्त तीनदा न्यायध्वजधारी झाला, तरी शहर त्याच्या मुठीत होतं.

प्रश्न : ताई, मी नाशिकला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशा शहरांत बायकांना काही स्थान होतं का?

उत्तर : पदांच्या पिशवीत बाईचं नाव कधीच गेलं नाही, बाळ. करवसुलीत मात्र बाईला सूट नव्हती. 1427 मध्ये फ्लोरेन्सने घरटी मालमत्तेची नोंद घेतली. प्रत्येक कुटुंबाने घरदार, शेती, धंदा, कर्ज, खाणारी तोंडं हे सगळं लिहून द्यायचं. राहतं घर करमुक्त आणि दर माणशी 200 फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) वजा. नवरा गेलेल्या बाईलाही असं विवरणपत्र द्यावं लागे.

हुंड्याचं तर शहराने सरकारी खातंच काढलं, 1425 मध्ये. बापाने मुलगी लहान असताना रक्कम ठेवायची. साडेसात किंवा पंधरा वर्षांनी, लग्न झाल्यावर, वाढीव रक्कम नवऱ्याला मिळायची. शहराला युद्धासाठी पैसा हवा होता, तो असा उभा राहणार होता. पण मुलगी मध्येच वारली तर ठेव सरकारजमा! त्या काळात पोरं किती दगावत हे बापांना ठाऊक होतं, म्हणून खातं जवळजवळ रिकामंच राहिलं. 1433 मध्ये नियम बदलला, मुलगी गेल्यास ठेव बापाला परत मिळू लागली आणि मग ठेवीदार पुढे आले.