जंगलाची किंमत मांडताना

प्रिय,

तुझ्या अहवालाचा मसुदा वाचला. जैवविविधता टिकली तरच विकास टिकेल, हे तू पहिल्याच पानावर लिहिलंस. खरं आहे, पण एवढ्याने कुणाचाही निर्णय बदलणार नाही. समोरचा माणूस रस्त्याचे, खाणीचे आकडे घेऊन बसलेला असतो. जंगल राहिलं तर कुणाच्या पदरात काय पडतं आणि गेलं तर भुर्दंड कुणाला, हे त्याला कळायला हवं. म्हणून जातींची लांबलचक यादी परिशिष्टात टाक आणि जंगल करत असलेलं एकच काम नीट मोजून दाखव. परागीभवन घे, ते मोजता येतं.

कोस्टा रिकातल्या एका कॉफीमळ्यावर ते मोजलं गेलं आहे. जंगलापासून साधारण एक किलोमीटरच्या आतल्या झुडपांचं उत्पन्न सुमारे 20 टक्क्यांनी जास्त निघालं. शेजारच्या दोन जंगलतुकड्यांतल्या परागवाहक कीटकांमुळे त्या एका मळ्याला वर्षाला जवळपास 60 हजार डॉलर मिळत होते. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मळ्यातली कॉफी स्वतःच्या परागांवरही फळते, तरीही एवढा फरक पडला.

तुला हे करायचं तर कळ्या उमलण्याआधी प्रत्येक झाडावर तीन सारख्या फांद्या निवड. एकीवर बारीक जाळीची पिशवी बांध, दुसरी मोकळी सोड, तिसरीला दुसऱ्या झाडाचे पराग मऊ कुंचल्याने हाताने लाव. कमीत कमी वीस-तीस झाडं घे. त्याहून कमी असतील तर एखादं रोगट झाडही सगळा हिशेब फिरवतं. फुलं गळाली की पिशवी लगेच काढ, नाहीतर आतल्या उष्म्याने फळं गळतील आणि तो दोष तू कीटकांच्या अभावाला चिकटवशील. फळं किती धरली एवढ्यावर थांबू नकोस, काढणीपर्यंत थांबून वजन कर. आणखी एक खोच आहे. हाताने पराग लावलेल्या फांदीकडे झाड आपलं अन्न जास्त वळवतं, त्यामुळे परागांची तूट, म्हणजे तिच्यातला आणि मोकळ्या फांदीतला फरक, आहे त्यापेक्षा मोठी दिसते. जमेल तिथे पूर्ण झाडालाच हाताने पराग लावून पडताळून पाहा.

पैशाचा हिशेब करताना सगळं पीक मधमाश्यांच्या नावावर चढवू नकोस. मोकळ्या आणि झाकलेल्या फांदीतला फरक हेक्टरी उत्पन्नात बदल, त्याला भावाने गुण आणि वाढीव तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा कर. उरेल तो आकडा लहान वाटला तरी तोच लिही. जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना प्राणी-कीटकांच्या परागीभवनाची कमी-अधिक मदत होते. त्यावरून 'तीन चतुर्थांश अन्न मधमाश्या देतात' असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा सुमारे 35 टक्केच आहे. गहू, तांदूळ, मका यांना कीटक लागत नाहीत. असा फुगवलेला एक आकडा पकडला गेला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पण सगळंच फांदीवर मोजता येत नाही. 1970 च्या दशकात आशियात भातावर खुजेपणा आणणारा एक विषाणू पसरला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 6 हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात, उत्तर प्रदेशातून आलेल्या. त्यातून आलेला गुण 1976 च्या आयआर 36 या वाणात आहे, आणि पुढे ते वाण लाखो हेक्टरांवर पेरलं गेलं. त्या रानगवताची किंमत रोग येण्याआधी कुठल्या बाजारात ठरली असती? असं मूल्य विम्यासारखं वेगळं मांड, वार्षिक उत्पन्नात मिसळू नकोस.

उलट्या बाजूचं उदाहरणही दे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासा संपत आला होता, तरी व्यापारी बोटींना भरपूर मासा मिळत होता, कारण उरलेले मासे एकत्र गोळा होत होते आणि बोटींना ते शोधण्याची यंत्रं होती. जाळ्यातला मासा आणि समुद्रातला साठा यांत गल्लत झाली. 1992 मध्ये मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. म्हणून आजचं उत्पन्न लिहिशील तिथेच मूळ साठ्याची अवस्था लिही. तो घटत असेल तर त्या उत्पन्नात भांडवलच मोडून खाल्लं जात आहे.

मसुद्यात एक रकाना मात्र नाहीच. कॉफीवाल्याला पैसे मिळतात, जंगलाच्या मालकाला काही नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने झाडं तोडणंच परवडतं. फायदा कुणाला, खर्च कुणाच्या माथी आणि दोघांत पैसे कोणत्या वाटेने पोचतील, हा तक्ता भरून पुढचा मसुदा पाठव.