शिकागोतलं पहिलं ब्लिझर्ड: बर्फ पडतानाचं सोडा, नंतरचं बघा

तुमचा प्रश्न वाचला. ऑगस्टमध्ये पुण्याहून शिकागोला आलात, लेकव्ह्यूमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहताय, गाडी रस्त्यावर लावता, तुमचे मिस्टर शॉमबर्ग या उपनगरात गाडीने ऑफिसला जातात, आणि आता ब्लिझर्ड वॉर्निंग म्हणजे हिमवादळाचा इशारा आलाय त्यात आईबाबा पण आलेत. किती घाबरायचं, काय भरून ठेवायचं, गाडीचं काय, आणि लेकवर म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठी जाऊन बघता येईल का, असे चार प्रश्न. मी इथे बरीच वर्षं राहतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी हे की प्रत्यक्ष बर्फ पडत असतो तो वेळ सगळ्यात सोपा असतो. घरात हीटिंग चालू, खिडकीबाहेर सगळं पांढरं, आईबाबा फोटो काढतायत, खिचडी-पापड चाललंय, मजाच असते. खरा त्रास दोन ठिकाणी होतो, एक म्हणजे घरी परत यायचा निर्णय उशिरा घेतला तर आणि दुसरं म्हणजे वादळ संपल्यावरचे दिवस. लोक नेमकी याच दोन गोष्टींची तयारी करत नाहीत, दुकानात जाऊन ब्रेड आणि दूध तेवढं उचलून आणतात.

ब्लिझर्ड म्हणजे नुसता खूप बर्फ नव्हे. ताशी ३५ मैलांचा म्हणजे साधारण ५६ किलोमीटरचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, आणि पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या पुढचं न दिसणं, आणि हे सलग तीन तास, असं झालं की त्याला ब्लिझर्ड म्हणतात. म्हणजे १२ इंच शांतपणे पडला तर ते ब्लिझर्ड नाही आणि ६ इंचात सुद्धा होऊ शकतं. त्यात आपल्याकडे लेक मिशिगन बाजूलाच, ईशान्येकडून वारा आला की तो लेकवरून ओलावा उचलून आणतो आणि लेकव्ह्यू, अपटाऊन, रॉजर्स पार्क अशा काठच्या भागात जास्तीचा ओततो. त्यामुळे मिस्टरांच्या ऑफिसातले लोक "आमच्याकडे काही विशेष नाही" म्हणाले तरी घरची परिस्थिती वेगळी असू शकते.

आता निर्णयाबद्दल. १ फेब्रुवारी २०११ ची गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात. अंदाज दोन-तीन दिवस आधीपासून होता, कुणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, पण मंगळवार होता आणि सकाळी तर सगळं ठीक दिसत होतं म्हणून लोक ऑफिसला गेले आणि नेहमीच्या वेळेला निघाले. संध्याकाळी लेक शोअर ड्राइव्ह या लेकच्या काठाने जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर अपघात झाले, बस आडव्या अडकल्या, मागे गाड्यांची रांग लागली, आणि लेकवरून येणाऱ्या वाऱ्याने त्या गाड्या बर्फात गाडल्या. रात्री आठच्या सुमारास रस्ता बंद केला तोपर्यंत शेकडो गाड्या आत होत्या. काही लोक जवळजवळ १२ तास गाडीत बसून होते. आणि हा कुठला घाटरस्ता नव्हे हो, एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला उंच उंच बिल्डिंगा, खिडकीत दिवे दिसतायत आणि तुम्ही तिथे पोचू शकत नाही! त्या वादळात २१.२ इंच बर्फ पडला आणि चक्क विजा कडाडत होत्या, बर्फ पडताना गडगडाट ऐकायला फार विचित्र वाटतं. नंतर शहराने मधल्या कठड्यात गाड्या वळवून बाहेर काढायला जागा करून घेतल्या.

तर मिस्टरांना सांगा, वॉर्निंग ज्या वेळेपासून आहे त्याच्या किमान चार तास आधी घरात पाहिजेत. किंवा सरळ घरून काम. आपली माणसं इथे फार संकोच करतात, नवीन नोकरी, मॅनेजर काय म्हणेल, व्हिसा वगैरे. अहो मॅनेजर स्वतः सकाळीच ईमेल टाकून घरी बसलेला असतो. जायलाच लागलं तर गाडीत ब्लँकेट, पाणी, चार्जर, छोटं फावडं, खायला काहीतरी आणि टाकी किमान अर्धी भरलेली. आणि अडकलात तर इंजिन चालू ठेवण्याआधी उतरून मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फातून मोकळा करायचा, हे डोक्यात पक्कं बसवा. पाइप बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवायचं, खिडकी बोटभर उघडी, आणि पाइप परत परत बघायचा.

रस्त्यावरच्या गाडीचं आता, कारण यात पैसे जातात. शिकागोत दोन वेगवेगळे नियम आहेत आणि नवीन माणूस हमखास गोंधळतो. पहिला, १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे ३ ते ७, सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर पार्किंग बंद, बर्फ असो वा नसो, कडक ऊन पडलेलं असलं तरी बंद. गाडी टो केली म्हणजे उचलून नेली की किमान १५० डॉलर, वर ६० डॉलरचं तिकीट, आणि यार्डात पडून राहिली तर दिवसाचं भाडं वेगळं. दुसरा, आणखी ५०० मैल रस्त्यांवर २ इंच बर्फ पडला की बंद, तिथे वेळ काळ काही नाही. बोर्ड लावलेले असतात, आत्ता उजेड आहे तोवर खाली जाऊन आपल्या रस्त्याचा बोर्ड वाचून या. आतल्या गल्लीत लावत असाल तर टो होणार नाही पण प्लाऊ म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक सगळ्यात शेवटी येईल, कारण आधी मुख्य रस्ते आणि लेक शोअर ड्राइव्ह, ते झाल्यावरच आतले रस्ते. आणि बिल्डिंगच्या मागची जी अॅली म्हणजे बोळ असतो तो शहर साफच करत नाही, कारण प्लाऊ फिरवला तर सगळा ढीग लोकांच्या गॅरेजच्या दारात जाईल. त्यामुळे अॅलीत गाडी असेल तर कचऱ्याच्या ट्रकने पाडलेल्या चाकोरीतून हळूहळू बाहेर पडायचं.

वायपर उभे करून ठेवा, काचेला चिकटत नाहीत. प्लाऊ आला की तो रस्ता साफ करतो आणि तो सगळा माल तुमच्या गाडीच्या बाजूला भिंत करून टाकतो, म्हणजे तुम्ही दीड तास उकरलं आणि प्लाऊ आला की परत शून्यावर. राग येतो, शिव्या द्या मनातल्या मनात, इलाज नाही. गाडीच्या टपावरचा बर्फ पण काढायचा, नाहीतर ब्रेक मारला की तो सगळा घसरून पुढच्या काचेवर येतो नाहीतर मागच्या माणसाच्या काचेवर जातो.

आता उकरून काढलेल्या जागेचा विषय, म्हणजे डिब्ज. तुम्ही मेहनत करून जागा मोकळी केलीत, मग गाडी काढून ऑफिसला गेलात, तर त्या जागेत दोन मोडक्या खुर्च्या ठेवायच्या. की ती जागा तुमची. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचो ना, तेच, फक्त रुमालाऐवजी इस्त्रीचं टेबल, दुधाचे क्रेट, मुलांच्या तीनचाकी सायकली, एकदा तर मी ख्रिसमसचा प्लॅस्टिकचा स्नोमॅन बघितलाय. कायद्याने याला काहीही आधार नाही, रस्ता सार्वजनिक आहे, आणि काही दिवसांनी शहराची माणसं येऊन सगळं सामान उचलून नेतात. पण म्हणून तुम्ही कुणाची खुर्ची बाजूला करून तिथे गाडी लावू नका. मारामारी होत नाही शक्यतो, पण सकाळी गाडीवर पाणी ओतून बर्फाचा थर चढवलेला सापडू शकतो. माझं मत विचाराल तर दोन-तीन दिवस ठीक आहे, घामाची किंमत असते, पण बर्फ वितळून गेला तरी आठवडाभर खुर्ची ठेवणारे लोक असतात ते निव्वळ बळकावणं आहे.

शहर हे सगळं एवढं मनावर घेतं त्याला इतिहास आहे. जानेवारी १९७९ मध्ये प्रचंड बर्फ पडला, रस्ते दिवसेंदिवस साफ झाले नाहीत, आणि एल म्हणजे इथल्या लोकलच्या गाड्या वेळ वाचवायला मधली स्टेशनं गाळत सुटल्या, त्यात कृष्णवर्णीय वस्त्यांमधली स्टेशनं होती. पुढच्याच महिन्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत म्हणजे प्रायमरीत मेयर मायकल बिलँडिक हरले आणि जेन बर्न शिकागोच्या पहिल्या महिला मेयर झाल्या. तेव्हापासून इथे कुठलाही मेयर बर्फाच्या बाबतीत हयगय करत नाही. प्लाऊ कुठे आहेत ते शहराच्या वेबसाइटवर नकाशात दिसतं, आणि हल्ली लोकांकडून नावं मागवून प्लाऊंची बारशी पण करतात. सगळ्यात मोठा विक्रम अजून जानेवारी १९६७ चा, २३ इंच, आणि गंमत म्हणजे त्याच्या दोनच दिवस आधी तापमान ६५ फॅरनहाइट म्हणजे १८ सेल्सियस होतं. त्यामुळे "आज तर काय मस्त ऊन आहे" यावर जाऊ नका.

घरात काय भरायचं? तीन-चार दिवसांचं किराणा सामान, बस. आपल्या घरात डाळ-तांदूळ-पोहे-रवा असतोच, आपण अमेरिकन लोकांपेक्षा जास्त तयार असतो. दूध, दही, भाज्या आणा, डेव्हॉनला म्हणजे आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर जायचं असेल तर आजच जा कारण वॉर्निंगच्या आदल्या संध्याकाळी तिथे कोथिंबिरीची काडी उरत नाही. आईबाबांची बीपी-शुगरची औषधं मोजून बघा. पॉवर बँक चार्ज करा, टॉर्च ठेवा. शहरात वीज सहसा जात नाही पण गेली तर फर्नेसचा म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा ब्लोअर पण बंद पडतो हे लक्षात असू द्या. काहीही झालं तरी गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवायचं नाही, परत तेच, कार्बन मोनॉक्साइड. घरातल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं बटण दाबून वाजतो का बघा.

हीटिंगबद्दल एक कायद्याची गोष्ट. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून घरमालकाने दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ फॅरनहाइट ठेवलंच पाहिजे, म्हणजे २० आणि १९ सेल्सियसच्या आसपास (जिथे हीटिंग मालकाच्या ताब्यात असतं तिथे). नाही ठेवलं तर ३११ या शहराच्या तक्रार नंबरवर फोन करा, भीड बाळगू नका. आणि वादळ गेलं की बहुतेक वेळा मागून कडाक्याची थंडी येते, तेव्हा पाइप गोठतात. ज्या सिंकचा पाइप बाहेरच्या भिंतीला आहे तिथलं खालचं कपाट उघडं ठेवायचं आणि नळाची बारीक धार सोडायची. पुण्यात वाढलेल्या माणसाला नळ चालू ठेवून झोपणं म्हणजे पाप वाटतं, पण फुटलेला पाइप त्याहून महाग पडतो.

आता बाबा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. बाबा फावडं घेऊन खाली जाणार, हे मी आत्ताच सांगते, सगळे बाबा जातात. "मी काय म्हातारा झालोय का, जरा व्यायाम होईल." जाऊ देऊ नका. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, ओला बर्फ प्रचंड जड असतो, आणि अचानक हातांनी तेवढा जोर लावला की हृदयावर ताण येतो, दर मोठ्या वादळानंतर इथे लोक बर्फ उपसताना हार्ट अटॅकने जातात, त्यातले बरेच स्वतःला ठणठणीत समजणारे असतात. त्यात व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजाराला सहसा पुरेसं कव्हर देत नाही. त्यांना खिडकीशी बसवून व्हिडिओ काढायचं काम द्या. फुटपाथ साफ करायची जबाबदारी मालमत्तेच्या मालकाची असते, तुमच्या लीजमध्ये काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या.

तरुणांनी सुद्धा एकदम उपसू नये. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, उचलून फेकण्यापेक्षा ढकलायचं. आणि रस्त्यावरचा फायर हायड्रंट दिसतोय का बघा, बुजला असेल तर मोकळा करा, आग लागली तर तुमच्याच बिल्डिंगसाठी लागणार आहे.

चालण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडतं, वरचा थर वितळतो, रात्री परत गोठतो आणि काचेसारखा होतो, पडण्याचे सगळे प्रकार त्यानंतर होतात. मीठ टाकतात पण साधं मीठ साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं चालत नाही, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड घ्यायचं, हार्डवेअरच्या दुकानात पिशवी मिळते, पण वादळानंतर मिळत नाही. सिग्नलच्या कोपऱ्यावर जे करडं सपाट दिसतं ते जमीन नसून घोटाभर गार पाणी असतं, बाजूने फिरून जा. आईंना स्पोर्ट शूज घालून बाहेर नेऊ नका, खरे स्नो बूट घ्या, आणि साडी नेसायचीच असेल तर आतून थर्मल, कुणालाही दिसत नाही.

ओहेअर विमानतळावर कुणाला आणायचं-सोडायचं असेल तर वादळाच्या दिवशी फ्लाइट जाईलच असं समजू नका, आणि दुसऱ्या दिवशी सुद्धा नाही, कारण विमानं आणि क्रू भलत्याच शहरात अडकलेले असतात.

राहिला शेवटचा प्रश्न, लेक. वादळ चालू असताना अजिबात नाही, लाटा वर येतात आणि काठावर लगेच गोठतात. संपल्यावर दोन दिवसांनी जा, सुंदर दिसतं यात वाद नाही. फक्त काठाला जी बर्फाची टेकाडं तयार होतात ती जमीन नसते, लाटांनी उडवलेला बर्फ साचून झालेली असतात, खाली पोकळ असतं आणि त्याखाली पाणी. त्यावर चढून सेल्फी काढणारे दिसतील, त्यांच्यामागे जाऊ नका. फोटो मागच्या वाटेवरून काढा आणि आईंचा हात धरून ठेवा.