प्रश्नावली छापण्याआधी

प्रिय पोरी,

दिखाऊ खर्च आणि शाश्वत विकास यांवरच्या तुझ्या प्रबंधाची प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते, पण पहिलं पान सगळं काढून टाक. ‘पर्यावरणाचं रक्षण ही माझी जबाबदारी आहे असं मला वाटतं’ या वाक्यापुढे ‘पूर्ण असहमत’वर खूण करणारा माणूस तुला पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत शोधूनही सापडायचा नाही. पाच जूनला रोप लावतानाचा फोटो टाकणारा सहमत. वाढदिवसाला चौकभर फ्लेक्स लावून जेसीबीतून अंगावर फुलं उधळून घेणाराही सहमत. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो. सगळेच सहमत झाले की आकड्यांतून हाती काही लागत नाही, आणि मग ‘जनजागृतीची गरज आहे’ असं लिहून प्रबंध संपवावा लागतो. तसले प्रबंध ग्रंथालयात ढिगाने पडलेत.

अर्थतज्ज्ञ व्हेब्लेनला तू सात पानं दिली आहेस, एक पुरे. त्याने १८९९ साली अमेरिकेतल्या श्रीमंतांकडे बघून दिखाऊ उपभोगाला, म्हणजे लोकांना ऐपत दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाला, नाव दिलं. अर्थतज्ज्ञ विजयेंद्र राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या खेड्यांतल्या लग्नखर्चावर केलेलं काम तुला जास्त उपयोगी पडेल. ते २००४ साली छापलं गेलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की मुलगी परगावच्या चांगल्या घरात पडली की लग्नाचा बार जास्त मोठा उडतो. गावाला जावई माहीत नसतो, त्यामुळे कसल्या तोलामोलाचं स्थळ मिळालं हे मांडवातूनच कळवावं लागतं. यात हौस कमी आणि भाऊबंदांना पोचवलेली बातमी जास्त. हे ध्यानात घेतलंस तर ‘लोक उधळे का आहेत’ हा प्रश्न तू विचारणार नाहीस.

त्याऐवजी टॉवेल-टोपीबद्दल विचार. लग्नात मानपानाला मिळालेल्या टॉवेल-टोप्यांचं तुम्ही काय करता? लोक आधी हसतील, मग खरं सांगतील. त्या टॉवेलनं अंग पुसलं जात नाही, टोपी कुणाच्या डोक्याला बसत नाही. गठ्ठा कपाटात जातो आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. सगळ्यांना हे ठाऊक आहे, तरी पहिल्यांदा थांबायची कुणाची तयारी नसते, कारण थांबणारा चिकट ठरतो. म्हणून प्रश्न जोडीनं विचार. ‘ही प्रथा बंद व्हावी असं तुम्हाला वाटतं का?’ आणि लगेच, ‘गावातल्या बाकीच्यांना तसं वाटत असेल का?’ पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘छे, लोक ऐकायचे नाहीत’ अशी उत्तरं बरीच येतील असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर त्या दोन उत्तरांमधलं अंतर हाच तुझा प्रबंध. माणसं शाश्वत विकासाच्या विरोधात नसतात, ती शेजाऱ्याला घाबरून असतात.

आता एक ताकीद. तुझे सगळे प्रश्न लग्न, बारसं, वाढदिवस यांवर आहेत, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या खर्चावर. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि पुणे-नगर याच दोन जिल्ह्यांत पसरले, तेव्हाही साहेबलोकांत बोललं जायचं की कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनंच नेमलेल्या आयोगाला मात्र आढळलं, की लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानानं तो खर्च जास्त असला तरी प्रसंग क्वचित येतात, आणि कर्जाची मुळं बहुधा दुसरीकडे असतात. दीडशे वर्षांनी तीच चूक तू करू नकोस.

मांडव रस्त्यावर दिसतो, फार्महाऊसची बोअर दिसत नाही. शिवाय मंडपवाल्याचे पडदे, खुर्च्या, पातेली पुढच्या कार्याला पुन्हा बाहेर पडतात. गाजावाजा न करता विमानानं वर्षाला दोन सहली करणाऱ्या कुटुंबाचा भार त्या डीजेवाल्या हळदीपेक्षा जड असू शकतो. म्हणून ‘दिखावा’ आणि ‘नासाडी’ असे दोन वेगळे रकाने कर. ते किती वेळा जुळतात आणि किती वेळा जुळत नाहीत, ते बघ.

उलट बाजूही आहे. २०१० साली अमेरिकेत छापलेल्या प्रयोगांत दिसलं होतं, की प्रतिष्ठेचा विचार मनात जागवला की लोक पर्यावरणपूरक वस्तूकडे वळतात, पण चारचौघांत खरेदी करताना. एकट्यानं करताना नाही. दारात विजेवर चालणारी गाडी दिसली म्हणून नाक मुरडू नकोस. तेही मिरवणंच आहे, पण बरं मिरवणं.

गाडगेबाबांची गोष्ट तुला माहीत असेल. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं, आणि भाऊबंद रुसले, असं सांगतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पंगत त्यांनी रद्द केली नाही. पाहुण्यांचा मान ठेवला आणि पानातलं बदललं. ‘साधेपणानं करा’ असं नुसतं सांगणाऱ्या फलकांना हे जमत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावालाही जाऊन ये. ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. उसावर पत ठरणाऱ्या जिल्ह्यात हे सोपं नव्हतं. पाहुण्यांना दाखवतात ते बघून लगेच परतू नकोस. ज्याला ऊस सोडताना कमीपणा वाटला असेल असा एखादा म्हातारा गाठ आणि त्याला बोलतं कर.

गावांत तुळशीच्या लग्नानंतर जा, लग्नसराईत. किती अन्न उरलं हे यजमान सांगणार नाही, आचारी सांगेल. मंडपवाला आणि फ्लेक्स छापणारा यांच्याशीही बोल. कुणी कुणाचं बघून किती वाढवलं याचा हिशेब त्यांच्याकडे असतो. गूगल फॉर्म नको, तो तुझ्याच वर्गातली पोरं भरतील. सुधारलेली प्रश्नावली दिवाळीआधी कागदावर पाठव, समासात जागा सोडून. मला खरडायला लागते.

तुझे,
सर