पॅक घेतला होता, तरी क्रूझवरच्या एका रात्रीचं बिल ९५ हजार

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक, वय ६७. मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुप टूरबरोबर सिंगापूर-मलेशियाला गेलो होतो. शेवटच्या तीन रात्री सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर होत्या. निघण्याआधी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन ३,९९९ रुपयांचा रोमिंग पॅक घेतला. ‘दोन्ही देशांत चालेल, बिनधास्त राहा,’ असं तिथल्या मुलाने सांगितलं. जहाज सुटायच्या आधी नातवाशी व्हिडिओ कॉल केला, नंतर फोन चार्जिंगला लावून झोपलो. परत आल्यावर बिल आलं ९५,९३२ रुपयांचं. एरवी ५८९ येतं. ‘जहाजावरचं नेटवर्क पॅकमध्ये येत नाही, आज भरलंत तर तीस टक्के सूट देऊ,’ असं कंपनी म्हणते. वसुलीवाले तर ‘पोलीस केस’, ‘वॉरंट’ अशी भाषा करतात, त्यामुळे बायको घाबरली आहे. बिल क्रेडिट कार्डावर ऑटो-पेला आहे आणि पेन्शनचं खातं याच नंबरला जोडलेलं आहे. काय करू?

उत्तर : सर, वॉरंटचं आधी मिटवू. मोबाइलचं बिल थकलं म्हणून कुणाला अटक होत नाही. ही दिवाणी स्वरूपाची देणी आहेत. असा फोन आला की बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहा, ‘माझी तक्रार प्रलंबित आहे, जे असेल ते लेखी पाठवा,’ एवढं बोला आणि फोन ठेवा. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका, कारण वसुलीच्या नावाखाली भलतेच लोकही फोन करतात.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या ऑटो-पेमध्ये १५,००० रुपयांपेक्षा मोठी रक्कम ओटीपीशिवाय वळती करता येत नाही. म्हणजे ही रक्कम गुपचूप कापली जाणार नाही. ओटीपी आला तर देऊ नका, आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते मँडेट, म्हणजे ऑटो-पेला दिलेली परवानगी, तूर्त रद्द करा. पण बिल तसंच ठेवून गप्पही बसू नका. थकबाकी दिसली की कंपनी सेवा तोडू शकते आणि थकबाकी असलेला नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्टही होत नाही. पेन्शनचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो बंद पडणं ही तुमची खरी नस आहे, आणि कंपनीला ती ठाऊक आहे.

म्हणून बिलाचे दोन भाग करा. तुम्ही पाठवलेलं बिल मी कागदावर मांडलं. मासिक भाडं ४९९, पॅक ३,९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५,३०८ रुपये. याबद्दल तुमचं काही म्हणणं नाही, तेव्हा हे देय तारखेच्या आत भरा आणि त्याच दिवशी ईमेलने कळवा की ही निर्विवाद रक्कम आहे, बाकीची अमान्य आहे आणि सर्व हक्क अबाधित ठेवून भरणा केला आहे. उरले ९०,६२४. तीस टक्के सूट घ्यायची की नाही हा निर्णय तुमचा. माझ्या पाहण्यात ‘आजच्या दिवसापुरती’ सूट पुढच्या महिन्यातही मिळते, आणि बहुतेक वेळा वाढून मिळते.

हे ९०,६२४ आले कुठून? मोठ्या जहाजांवर स्वतःचं छोटं मोबाइल नेटवर्क असतं, आणि ते उपग्रहाला जोडलेलं असतं. बंदरात ते सहसा बंद ठेवतात आणि जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की सुरू करतात. तुमच्या फोनला सिंगापूरचा टॉवर दिसेनासा झाला, तेव्हा तो जे मिळालं त्याला चिकटला. डेटा रोमिंग सुरूच होतं आणि फोटोंचा बॅकअपही. बिलाच्या तपशिलात रात्री ११.५२ पासून पहाटेपर्यंतच्या नोंदी आहेत. नेटवर्कच्या रकान्यात देशाचं नाव नाही, ‘मेरिटाइम’ आहे. एकूण डेटा १५० एमबी. दर १० केबीला ५ रुपये. पाच रुपये ऐकायला चहापेक्षा स्वस्त, पण हिशोब केला तर एका एमबीला (१,०२४ केबी) ५१२ रुपये पडतात. १५० एमबीचे ७६,८०० आणि वर जीएसटी १३,८२४.

इथे मला तुम्हाला न आवडणारं एक सांगायला हवं. पॅकच्या अटींमध्ये ‘जहाज व विमानातील नेटवर्क वगळून’ असं वाक्य आहे. तुम्ही जोडलेल्या कागदांत ते पान दोनच्या तळाशी सापडलं. शिवाय रात्री १०.४७ ला तुमच्या फोनवर ‘वेलकम अबोर्ड’चा इंग्रजी एसएमएस आला होता, त्यात दर होता. तुम्ही तो सकाळी पाहिलात. कंपनीचा वकील याच दोन गोष्टी पुढे करणार. त्यामुळे ‘मी डेटा वापरलाच नाही’ किंवा ‘मला कुणी सांगितलंच नाही’ यावर केस उभी करू नका. उलटतपासणीत ती पाच मिनिटंही टिकणार नाही. टूर कंपनीला त्यात ओढण्याचाही मोह टाळा, तिथे हाताला काही लागणार नाही.

तुमची खरी बाजू वेगळी आहे. बिलाच्या पहिल्या पानावर उजवीकडे बारीक अक्षरांत ‘क्रेडिट लिमिट : ८,००० रु.’ असं छापलं आहे. पोस्टपेड ग्राहकाची ही मर्यादा ८० टक्के भरत आली की कंपनीने त्याला कळवावं, असा निर्देश ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००५ सालीच दिलेला आहे. तुमच्या बाबतीत ८० टक्के म्हणजे ६,४०० रुपये. भाडं आणि पॅक धरून करापूर्वीचे ४,४९८ आधीच झाले होते. म्हणजे इशारा यायला हवा होता पहिले चार एमबी पुरे होण्याच्या आत, साधारण एक फोटो वर चढला तेव्हाच. पूर्ण मर्यादा सातव्या एमबीच्या आत संपली. त्यानंतर आणखी १४३ एमबी गेले, मर्यादेच्या नऊपटीहून जास्त पैसे झाले आणि तुमच्या इनबॉक्समध्ये इशाऱ्याचा एकही एसएमएस नाही. वेलकमचा एसएमएस हा इशारा नव्हे. त्यात तुमचा वापर किती झाला ते कुठेच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येईल : परदेशी नेटवर्कचा हिशोब आमच्याकडे उशिरा पोचतो, आम्हाला तेव्हा कसं कळणार? हे ऐकून दबू नका. रोमिंगमधला डेटा बहुधा घरच्या कंपनीच्याच गेटवेमधून फिरून जातो, म्हणजे तो जाताना कंपनीला दिसत असतो. आणि याहून सोपा प्रश्न विचारा. याच कंपनीचं प्रीपेड कार्ड घेऊन एखादा प्रवासी त्याच जहाजावर त्याच रात्री झोपला असता, तर शिल्लक संपताक्षणी त्याचा डेटा थांबला असता की नाही? प्रीपेडचा हिशोब त्या क्षणी लागतो, मग पोस्टपेडचा महिनाअखेरीसच का? या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. युरोपीय संघात तिथल्या कंपन्यांना आपल्या ग्राहकाचा रोमिंग डेटा ५० युरोच्या आसपास आपोआप थांबवावा लागतो. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण थांबवणं तंत्राला जमतं एवढं त्यावरून दाखवता येईल.

ट्रायच्या त्या निर्देशाचा भर कळवण्यावर आहे, तोडण्यावर नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या पाहा, कलम २(११). महत्त्वाची माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा त्रुटीच धरलेली आहे. पॅक विकताना ‘बिनधास्त राहा’ म्हणणं, जहाजाचा अपवाद पान दोनच्या तळाशी ठेवणं आणि मर्यादा ओलांडल्यावर गप्प बसणं, हे तिन्ही एकत्र मांडायचं.

आता वाट कोणती? ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात करा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. फोनवर मिळाला तरी एसएमएस येईपर्यंत लाइन सोडू नका. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. तिथे न्याय मिळतोच असं नाही, पण ‘आधी आमच्याकडे आलाच नाहीत’ हे बोलायला कंपनीला जागा उरत नाही.

त्यानंतर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार दाखल करता येते. तुमच्या रकमेला फी शून्य आहे, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीबरोबरच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज द्या : निकाल लागेपर्यंत नंबर बंद करू नये आणि वसुली थांबवावी. तुमच्यासाठी हा अर्ज मूळ तक्रारीइतकाच महत्त्वाचा. पेन्शन खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान त्याला जोडा.

सामनेवाल्याच्या कैफियतीत, म्हणजे कंपनीच्या लेखी उत्तरात, पहिला आक्षेप असेल की टेलिफोनच्या वादात ग्राहक आयोगाला अधिकारच नाही. २००९ च्या एका निकालाच्या आधारे कंपन्या वर्षानुवर्षं हेच म्हणत आल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया सेल्युलर कंपनीच्या प्रकरणात ते दार बंद केलं. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिना २४९ रुपयांच्या कनेक्शनवर २४,६०९ रुपयांचं बिल आलं होतं. न्यायालयाने म्हटलं, ग्राहक आयोगाचा अधिकार शाबूत आहे. मात्र ते बिल बरोबर की चूक, यावर हा निकाल नाही. ‘सर्वोच्च न्यायालयाने बिल रद्द केलं’ असं युक्तिवादात म्हणू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ३० मध्येही ग्राहक कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

मध्येच लोक अदालतीची नोटीस येऊ शकते. त्यावर न्यायालयाचं नाव पाहून घाबरायचं नाही. साध्या लोक अदालतीत तुमच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही. ‘स्थायी लोक अदालत’ असं लिहिलेलं असेल तर मात्र घरी बसू नका. टेलिफोन ही तिच्या अखत्यारीतली सेवा आहे आणि तडजोड फिसकटली तरी ती गुणदोषांवर निकाल देऊ शकते.

पुरावा आजच गोळा करा. फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. त्या रात्रीचा एसएमएसचा इनबॉक्स तारीख-वेळेसह दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. सेटिंगमध्ये रोमिंग डेटा कोणत्या ॲपने किती खाल्ला ते दिसतं, त्या पानाचाही घ्या. नवं चक्र सुरू झालं की ते आकडे दिसेनासे होतात. हे आयोगापुढे ठेवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. क्रूझचं तिकीट आणि बोर्डिंगचा कागद असेलच, शिक्षक लोक कागद टाकत नाहीत.

कंपनीला ईमेल असा पाठवा, यापेक्षा लांब नको :

‘अमुक क्रमांकाच्या बिलातील मेरिटाइम डेटाचे ७६,८०० रुपये व त्यावरील कर मला अमान्य आहे. निर्विवाद ५,३०८ रुपये आज भरले आहेत. माझी क्रेडिट मर्यादा ८,००० रुपये असताना ती ८० टक्के व १०० टक्के भरल्याचा इशारा मला कोणत्या तारखेस, किती वाजता पाठवला व तो पोचल्याची नोंद काय, ते लेखी कळवावे. डेटाचा वेळेनुसार तपशील द्यावा. तक्रार प्रलंबित असताना क्रमांक बंद करू नये. त्यावर माझ्या पेन्शनचे व्यवहार अवलंबून आहेत.’

त्यांना अडचणीचा ठरेल तो इशाऱ्याच्या वेळेचा प्रश्न. उत्तरात त्याला बगल दिली तर तेच पत्र आयोगापुढे पहिलं परिशिष्ट म्हणून लावायचं. ईमेलची प्रिंट काढा आणि डॉकेट क्रमांक आला की तिच्याच कोपऱ्यात लिहून ठेवा.